अजीज मिस्त्री ऑपरेशनने मेला नाही

मयत : अब्दुल अजीज, ऊर्फ अजीज मिस्त्री, वय पन्नाशी ओलांडलेले, धंदा पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ.

मृत्यूची वेळ व ठिकाण : पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, दुपारी, स्वतःच्या दुकानात, काम करीत असताना.

मृत्यूचे कारण : हृदयविकाराचा झटका, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सर्वांसमक्ष सांगितलेले.

साक्षीदार : एक, मयताच्या मातोश्री. दोन, तहसील कचेरीसमोर चहा विकणारा बाल्या. तीन, त्याच रांगेत झेरॉक्सच्या दुकानात बसणारी वैशाली.

अर्जदार : खाली सही करणारा, अर्जनवीस, बैठक कचेरीच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली, मयताचा मित्र.

गैरअर्जदार : ते सर्व इसम, जे चहाच्या टपरीवर, केस कापताना, बाजारात आणि लग्नाच्या पंगतीत सांगत फिरतात की, अजीज मिस्त्री तोंडाच्या प्लास्टिक सर्जरीने मेला.

तक्रार : या बोलण्याने मयताच्या नावास बट्टा लागला, हे एक. आणि याच बोलण्यावरून वैशालीचे ठरलेले ऑपरेशन तिच्या वडिलांनी थांबविले, हे दुसरे. पहिले सहन करता आले असते.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत असा मजकूर चालत नाही, गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहावेत, असे मला सुचविण्यात आले. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत माझा मजकूर वाचला गेला आहे, आणि गोड शब्द मलाही येतात. परंतु ज्याच्या मरणावर खोटे रचले गेले, त्याच्याबद्दल आधी खरे लिहावे लागते. गोड शब्द त्यात आपोआप आले तर माझी हरकत नाही.

बातमी बाल्याने आणली. करीचा दिवस असल्याने कचेरीत वर्दळ नव्हती. हातातला रिकाम्या ग्लासांचा जाळीदार स्टँड तसाच घेऊन तो धावत आला आणि म्हणाला, "काका, मिस्त्री पडले दुकानात!" पडले म्हणजे काय, हे विचारायला मी थांबलो नाही. मी पोहोचलो तोवर त्याला ऑटोत टाकून दवाखान्यात नेले होते. दुकानात पंखा चालू होता, वाइंडिंग अर्धवट झालेल्या मोटारीतून तांब्याची तार लोंबत होती... दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलविली, छाती दाखविली आणि काय झाले ते स्वच्छ मराठीत सांगितले. ऐकणारे पुष्कळ होते. त्यातलेच काही आज दुसरे सांगतात.

घरी त्याच्या आईला, आम्ही सारे जिला अम्मी म्हणतो तिला, दोघींनी धरून त्याच्याजवळ आणले. तिने तोंडावरची चादर काढायला लावली. त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले, ते तिथेच राहू दिले, आणि म्हणाली, "देखो... सीधा है." बायका रडू लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या पाठीमागून एक आवाज आला, "तेच तं नडलं ना. या वयात तोंड सरळ कराले गेला, अन् जीव देऊन बसला." मी वळून पाहिले. तिघे-चौघे उभे होते, सगळ्यांनी खाली पाहिले. गैरअर्जदारांचे हे पहिले विधान. अम्मी तसे का म्हणाली, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाचकांना कळावे म्हणून मला मागे जावे लागेल.

अजीज तिशीत असताना दुकानात वार्निशच्या डब्याने पेट घेतला. वाइंडिंग झाल्यावर तारेवर जे वार्निश ओततात ते. जीव वाचला, डोळा वाचला, पण डावा गाल भाजला आणि भरून येताना कातडी अशी ओढली गेली की ओठाचा डावा कोपरा वर चढला तो चढलाच. पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस हसतो आहे. नुसता हसत नाही, आपल्याला हसतो आहे. पाण्याची पाळी चुकलेला, तुरीच्या वावरातून जळकी मोटार खांद्यावर घेऊन आलेला शेतकरी दुकानात शिरे आणि समोर हे तोंड पाही. "माही मोटर जळली अन् तू हासून राह्यला?" असे त्याला किती जणांनी विचारले असेल! अजीजचे उत्तर ठरलेले होते : "भाऊ, माह्या तोंडाचं वाइंडिंग चुकलं आहे. तुह्या मोटरचं नाही चुकणार." माणूस ओशाळे, मग दोघेही हसत. धंद्यात हे चालून जाई.

मयतीत चालत नसे. माझे वडील गेले तेव्हा तो सगळ्यांच्या आधी आला होता. अंगणात उभा होता, डोळ्यांत पाणी होते, हे मी स्वतः पाहिले. पण माझ्या काकांनी डोळे पाहिले नाहीत, ओठ पाहिला. सगळ्यांसमोर ते ओरडले, "इथं माणूस मेला आहे बे, दात काहून काढून राह्यला?" अजीजने खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. तेरवीला तो पुन्हा आला. मांडवात बसला नाही. विहिरीवरची आमची मोटार मागे अडकत होती, ती उघडून बसला. लोकांकडे पाठ करून, जेवणे आटोपेपर्यंत. ती मोटार त्या दिवशी काही बिघडली नव्हती... हे मला माहीत होते आणि त्यालाही.

त्यानंतर वर्षानुवर्षे मी त्याला कोणत्याही मयतीत पुढे उभा पाहिला नाही. रुमाल आणि मागची रांग. सांत्वनाला गेला तरी उंबऱ्यातून परत.

ऑपरेशनचा विषय त्यानेच काढला. अम्मी आजारातून उठली होती त्या दिवसांत. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून तो म्हणाला, "वकील, एक अर्ज लिहून दे." मी वकील नाही, पण तो मला हेच म्हणे. "अमरावतीले एक डॉक्टरीणबाई आहे म्हणते, तोंडाची सर्जरी करते. तिले काय काय विचारायचं ते नीट लिही. मी गेलो का सारं भुलतो."

मी ते काम शास्त्रोक्त केले. विषय : तोंडाचा डावा कोपरा पूर्ववत करून मिळणेबाबत. खाली प्रश्न, मुद्देसूद. या शस्त्रक्रियेत शरीरात प्लास्टिक बसविण्यात येते किंवा कसे. येत असल्यास यवतमाळ जिल्ह्यातील उन्हात ते टिकाव धरील किंवा कसे. डाग समूळ नष्ट होईल काय. कातडी अन्य ठिकाणाहून घेणार असल्यास कोठून, व तेथे दुसरा डाग राहील काय. पूर्ण भूल की अर्धी. वयाची अट आहे काय. काम किती काळ बंद. हमी कोण देणार. हे सर्व प्रश्न मी माझ्या मनाने घातले नाहीत. बाल्याच्या टपरीवर विषय निघाल्यापासून जो तो हेच विचारीत होता. आणि अर्ज म्हटला की त्याला सबळ कारण लागते, म्हणून सुरुवातीलाच मी लिहिले : "अर्जदारास श्वसनास व अन्न घेण्यास अतोनात अडथळा होत असल्याने." हे आमच्या धंद्याचे पहिले कलम आहे. गरज दाखविल्याशिवाय मागणी मंजूर होत नाही. ते मी आजही मानतो.

डॉक्टरीणबाईंचे नाव मी देत नाही. त्यांनी तशी विनंती केली आहे. आम्ही दोघे अमरावतीला गेलो तेव्हा त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, मध्येच ओठ दाबून धरले, पण हसल्या नाहीत, हे नमूद करतो. कागद बाजूला ठेवून त्यांनी अजीजला विचारले, "पाणी पिताना बाहेर सांडतं?"

"नाही जी."

"घास चावताना त्रास?"

"नाही. मटन बी चावतो."

"श्वास?"

"चालू आहे."

"मग हे इथं लिहिलंय ते?"

अजीजने माझ्याकडे बोट केले. "ते या वकिलानं घातलं. अर्जाले कारण लागते म्हणे."

बाई म्हणाल्या, "मला काही मंजूर-नामंजूर करायचं नाहीये. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही सांगा."

अजीज मग म्हणाला, "माही अम्मी म्हातारी झाली जी. उद्या ते गेली, तं लोकं म्हणतीन, मायच्या मयतीत पोरगा हासून राह्यला होता. मले तठी सरळ तोंडानं उभं राहायचं आहे." आणि जरा थांबून, "अन् खोटं कायले बोलू, चांगलं दिसावं असंबी वाटते. आरशात पाहाले."

मी धंद्यात इतकी वर्षे घालविली, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी पक्की मागणी कोणाला मांडता आली नाही.

मग बाईंनी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, कागदाकडे न पाहता. प्लास्टिक वगैरे काही घालत नाहीत. त्या शब्दाचा अर्थ आकार देणे एवढाच. ओढून धरणारी कातडी सोडवायची आणि उरलेल्या जागेवर गळ्याच्या हाडाजवळची कातडी लावायची. तिथेही एक रेघ राहील. डाग पुसला जाणार नाही, ओढ जाईल. रंग थोडा वेगळा दिसेल. आधीचा फोटो घेऊन येऊ नका, तसा चेहरा मी देऊ शकत नाही. भूल पूर्ण, म्हणून हृदय, रक्तदाब, साखर सगळे आधी तपासणार. वयाची अट नाही, तब्येतीची आहे. नंतर दुखेल. काही दिवस पातळ खायचे, कमी बोलायचे, कित्येक महिने ऊन टाळायचे, मालिश करायची. खरे रूप दिसायला वर्षही लागेल. कदाचित पुन्हा छोटे ऑपरेशन करावे लागेल. हमी कोणीच देत नाही. जो देतो त्याच्याकडे जाऊ नका. "आणि हे कोणाच्या म्हणण्यावरून करताय?" त्यांनी विचारले. अजीज म्हणाला, "घरचे तं नको म्हणून राह्यले." बाई म्हणाल्या, "घरी जा, विचार करा. खर्रा पूर्ण बंद करा, तंबाखूनं लावलेली कातडी मरते. बंद झाला तरच परत या." मी अर्जाची पोच मागितली. त्यांनी कोपऱ्यात 'वाचले' असे लिहून सही केली.

आमच्या भागात माणसाला बिडी सोडविता येईल, बायको सोडविता येईल. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडविणे निराळे. अजीजने तो सोडला. खिशात बडीशेप घेऊन फिरू लागला, आणि टपरीवर त्याची जी थट्टा झाली तिला सीमा नव्हती. "मिस्त्री, नवरी पाह्यली काय? तोंड रंगवून घेऊन राह्यले म्हणते!" बाल्यासमोरच कोणी म्हणे. अजीज बडीशेप चावीत सांगे, "पाह्यली ना. तुह्यासाठी पाह्यली होती, पोरीचा बाप म्हणते, पहिले पोराले सर्जरी करून आणा." मशिदीतल्या एका बुजुर्गांना त्याने विचारले, हे धर्माला चालेल का. ते म्हणाले, जळालेल्याची दुरुस्ती आहे, नखरा थोडाच आहे! परत येऊन मला म्हणाला, "वकील, म्या त्यायले सांगतलं नाही, थोडा नखराबी आहे."

'नखरा' हा शब्द मी येथे अधोरेखित करतो. गैरअर्जदारांचा खरा आक्षेप तोच आहे. माणसाने पाय मोडला म्हणून ऑपरेशन केले तर त्याला संत्री घेऊन भेटायला जातात. तोंडासाठी केले तर मिटक्या मारीत विचारतात, गरज काय होती? मी विचारतो, नवे घर बांधल्यावर त्याला रंग कशाला देता? बैलांची शिंगे पोळ्याला कशाला रंगविता? बैल न रंगविताही वखर ओढतो. बैलाला जे शोभते ते मिस्त्रीला शोभू नये, असा कायदा कोणत्या पुस्तकात आहे, ते मला दाखवावे.

ऑपरेशन झाले. सुरुवातीला सूज इतकी की मीच घाबरलो. मग हळूहळू ती उतरली आणि एके दिवशी टेबलापाशी येऊन तो नुसता उभा राहिला. कोपरा खाली आला होता. गाल दोन रंगांचा, ठिगळ लावल्यासारखा, कोणी रूपवान म्हणाले नसते. पण तोंड गंभीर होते! इतक्या वर्षांत मी त्याला प्रथमच गंभीर पाहत होतो. मी म्हणालो, "मिस्त्री, तू तर दुःखी दिसतोस." तो इतका हसला की गाल धरून बसला. "थांब ना बे, टाके ओढते!"

आता दुकानात मोटारी घेऊन येणाऱ्यांपेक्षा प्रश्न घेऊन येणारे जास्त झाले. भाजलेल्या हाताचा माणूस येई, फाटक्या ओठाचे लेकरू घेऊन आई येई, कानाच्या पाळ्या दागिन्यांनी फाटलेल्या बायका येत, आणि नुसते रिकामटेकडेही येत. खऱ्या माणसाला तो खरे उत्तर देई आणि शेवटी सांगे, "मी मोटरचा मिस्त्री आहे, डॉक्टरले दाखव." रिकामटेकड्यांचा हिशेब वेगळा होता. "मिस्त्री, ते प्लास्टिक उन्हात वितळत नाही काय?" "वितळते ना! म्हणून तं सावलीत बसलो. तू जाय उन्हात, तुह्या डोक्यातलं वितळते का पाहू."

ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध दुकानदार वारले. अंत्ययात्रेत अजीज पुढे होता. रुमाल नव्हता. लोक त्याच्या बाजूने गेले, त्याच्याशी बोलले, कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिले नाही. परतताना आम्ही दोघे पायी येत होतो. तो मग म्हणाला, "वकील, पाह्यलं काय तू? मले कोणी पाह्यलंच नाही." त्या एवढ्या वाक्यात जो आनंद होता तो मी लिहू शकत नाही... कोणीतरी पाहावे म्हणून लोक हे करतात, असे गैरअर्जदार समजतात. या माणसाने कोणी पाहू नये म्हणून केले होते, आणि त्याला ते मिळाले.

आता वैशालीविषयी. लहानपणी कढईतले तेल सांडून तिची हनुवटी आणि गळा भाजला. मान पूर्ण वर होत नाही, डावीकडे वळताना खांदाही वळतो. तिच्या झेरॉक्सच्या दुकानासमोरच माझे टेबल आहे, म्हणून मी हे रोज पाहतो. ती तोंडाला स्कार्फ बांधून असते. उन्हाळ्यात सगळ्याच मुली बांधतात. तेवढे दिवस ती चारचौघींसारखी असते. पाऊस लागला की बाकीच्यांचे स्कार्फ सुटतात आणि तिचा एकटीचाच राहतो. अजीजला तिने एके दिवशी विचारले. मी ऐकू नये म्हणून मशीन चालू ठेवून विचारले, पण मशीनचा आवाज काही एवढा नव्हता.

"चाचा, दुखलं काय?"

"दुखलं. बेशुद्धीत नाही, मागून. तिसऱ्या दिवशी त्या बाईले म्या मनात अशा शिव्या देल्ल्या, का बस."

"डाग जाते?"

"नाही जात. खोटं सांगू काय तुले? ओढ जाते. मान फिरते."

"घरी म्हणते, लग्नासाठी करून घे."

अजीज जरा चिडला. "लग्नासाठी नको करू, बेटा. उद्या नवरा पटला नाही तं मान वापस देशीन काय? तुले पाह्यजे असंन तं कर. नसंन पाह्यजे, तं अशीबी चांगली आहे. दुकान तं तूच चालवतं."

ती हसली. अमरावतीला ती आईबरोबर जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी तपासले, तिलाही तेच विचारले, विचार करायला घरी पाठविले, आणि दुसऱ्या खेपेला दिवाळीनंतरचा सोमवार दिला. तिचे वडील देवरावजी, कापूस-तुरीचे शेतकरी, सरळ माणूस, यांनीही होकार दिला होता. मग पोळा आला, कर आली, आणि अजीज गेला.

गैरअर्जदारांचे बोलणे वावरापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत देवरावजींनी पोरीला सांगितले, जायचे नाही. मी त्यांना गाठले. बाल्याच्या टपरीवरच, सगळ्यांच्या समोर. ऑपरेशन होऊन वर्ष होत आले होते, जखम केव्हाच भरली होती, त्याचे हृदय त्या वेळी तपासून ठीक निघाले होते, नंतर बिघडले ते बिघडले. गालाचा आणि त्याचा संबंध नाही, हे दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, असे सर्व मी क्रमाने मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "भाऊ, तुमी स्टँपवर लिहून देता काय, का माह्या पोरीले काही होणार नाही म्हणून? तुमी लिहून द्या, मी आजच नेतो."

मी उभ्या जन्मात स्टँपवर काय नाही लिहिले! वाटण्या लिहिल्या, सोडचिठ्ठ्या लिहिल्या, भांडखोर भावांकडून हमीपत्रे लिहून घेतली. हे एक मला लिहिता येत नव्हते. मी म्हणालो, "देवरावजी, असे कोणीच लिहून देत नाही. डॉक्टरसुद्धा नाही."

"मंग?" ते म्हणाले. "एकच पोर आहे माही. जशी आहे तशी जिती आहे ना."

यावर टपरीवरच्या लोकांनी माना डोलावल्या, आणि मला त्यांचाच राग आला, देवरावजींचा नाही. बाप भितो, ते त्याला शोभते. ज्यांना काही गमवायचे नाही, त्यांनी ती भीती चहाबरोबर वाटून घेतली. मी तिथेच सांगितले आणि येथे पुन्हा लिहितो : अजीज ऑपरेशनने मेला नाही. तो ऑपरेशनमुळे शेवटचे वर्ष रुमालाशिवाय जगला. ज्याला हे खोटे वाटते त्याने पुढे यावे. आजवर कोणी आलेले नाही.

हा मजकूर मी मुळात देवरावजींच्या नावे लिहिला होता. विनंती अर्ज, वैशालीचे वडील यांस, अशी सुरुवात होती. प्रती काढायला वैशालीकडे दिला. तिने मशीनवर ठेवण्याआधी तो वाचला, आणि स्कार्फ हनुवटीखाली ओढून मला म्हणाली, "काका, अर्ज कोणाच्या नावानं केला?"

"तुझ्या वडिलांच्या."

"काहून? अमरावतीले डॉक्टरीणबाईनं कागद देल्ला, त्याच्यावर सही माही मांगतली. बाबाची नाही. मी सज्ञान आहे." मग हळू आवाजात, "मी सही करून आलती, काका. कवाचीच. म्या फक्त बाबाले सांगतलं नाही अजून."

"मग तू जाणार?"

"जाणार. भेव तं लागून राह्यला. चाचा असते तं सोबत नेलं असतं त्यायले. रडायचंबी नाही वाटलं असतं." तिने कागद मला परत केला. "बाबाले लिहा, पण परवानगी मांगू नका. दुसरं काही मांगा."

योग्य अधिकाऱ्याकडे दाद मागणे हे आमच्या कामात अर्धे यश असते. येथे अधिकारी ती स्वतः आहे, आणि तिचा निर्णय झालेला आहे. सबब खालील मजकूर तिच्या संमतीने बदलून लिहीत आहे.

गैरअर्जदारांस : आपण आपले विधान मागे घ्यावे. घ्यायचे नसल्यास, मयताला तपासणाऱ्या डॉक्टरांना जाऊन विचारावे आणि जे कळेल ते त्याच टपरीवर, त्याच आवाजात सांगावे.

देवरावजींस : शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णासोबत घरचे एक माणूस लागते. दाराबाहेर एक लोखंडी बाकडे आहे. अजीजला आत नेले तेव्हा मी त्यावर बसलो होतो. ते थंड असते आणि वेळ जात नाही. आत जाताना त्याने मागे वळून पाहिले होते, कोण बसले आहे ते. तुमची मुलगीही पाहील. तुम्ही भीत असाल तर भीतच या. तिथे कोणी हसणार नाही, आणि कोणी हसतो आहे असे वाटलेच तर आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहा.

याचे उत्तर लेखी नको. दिवाळीनंतरच्या सोमवारी, अमरावतीच्या पहिल्या गाडीला, नेर स्टँडवर आपण यावे. न आल्यास मी जाईन. परंतु ती वळून माझ्याकडे पाहील तेव्हा तिला कोण पाहिजे होते, याचा खुलासा आपणांस करावा लागेल.

न्याय मिळावा, ही विनंती.

अर्जदार,
माधव गुल्हाने
अर्जनवीस, नेर